विषय : एक किलो कणकेचा स्टँड मिक्सर अर्धा किलो मैद्यात बंद पडल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चमध्ये सीताबर्डीच्या दुकानातून मी तुमचा पाच लिटरचा स्टँड मिक्सर घेतला. धरमपेठेत मी घरूनच पाव, बन आणि संत्र्याच्या केकच्या ऑर्डरी घेते. अकरा वर्षं हाताने मळून मनगटं दुखायला लागली, म्हणून पैसे साठवून हे यंत्र आणलं. ते २३ मे रोजी बंद पडलं आणि दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही असं तुमच्या माणसाने लिहून दिलं.

त्या दिवशी भांड्यात ५०० ग्रॅम मैदा, ३१० मिली पाणी आणि ४० ग्रॅम लोणी होतं. हुक लावलेला, वेग दोनवर. पाणी फ्रिजचं, कारण मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, त्यात हुकच्या घर्षणाने पीठ आणखी तापतं, मग ते चिकट होतं आणि यीस्टही घाई करतं. एवढी काळजी घेऊनही सहाव्या मिनिटाला आवाज बदलला. मोटर फिरत होती, हुक मात्र जागच्या जागी. जळकट वास आला आणि गोळ्यावर काळपट ग्रीसचा थेंब पडला. गोळा टाकून दिला. सोळा बन वास्तुशांतीच्या घरी संध्याकाळी द्यायचे होते, ते पुन्हा हातानेच मळले.

तुमच्या माणसाने यंत्र उघडलं तर आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजलेले. म्हणे, "मॅडम, तुम्ही जास्त मळून राहिल्या ना, म्हणून गिअर गेला." खोक्यावर तर मोठ्या अक्षरात "१ किलोपर्यंत कणीक" छापलंय, शेजारी गुळगुळीत गोळ्याचा फोटो. फोनवर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या की हे वजन भिजवलेल्या कणकेचं आहे. बरं, तेच धरा. माझा गोळा भिजवून नऊशे ग्रॅमच्या आतच होता. कोरडी धरा की भिजवलेली, जास्त झालं कुठे?

माहितीपुस्तिकेत लिटर, वॅट आणि आठ वेग आहेत. घट्ट पीठ किती घ्यायचं, किती मिनिटं मळून मोटरला विसावा द्यायचा, याची एक ओळ नाही. लिटर म्हणजे भांड्याचं माप. फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याने भांडं काठोकाठ भरलं तरी मोटरला पत्ता लागत नाही, आणि तळाशी पाव भांडं घट्ट कणीक असली की तीच मोटर कण्हते. १२०० वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं, हुकपर्यंत किती जोर पोचतो ते नव्हे. हे मला कळतं, मग तुमच्या पुस्तिकेला का नाही?

दुसरी गोष्ट. पहिल्या दिवसापासून चपटा बीटर तळाला पोचत नव्हता. लोणी-साखर फेटताना तळाशी साखरेचं कडं तसंच राहायचं. भांड्यात रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं. बीटरने ते दर फेरीत जरासं सरकायला हवं, माझं ढिम्म हललं नाही. डोकं उचलल्यावर बिजागरीपाशी दिसणारा स्क्रू मी पाव फेरा फिरवला आणि काम झालं. तो स्क्रू त्याचसाठी असतो. तुमच्या माणसाने मात्र अहवालात लिहिलं : "ग्राहकाने छेडछाड केली." कमाल आहे बाप्पा!

माझी मागणी : गिअर विनामूल्य बदलून द्यावा, अहवालातलं ते वाक्य काढावं आणि मैद्याची व गव्हाच्या कणकेची मर्यादा कोरड्या पिठाच्या वजनात खोक्यावरच छापावी. गव्हाची कणीक मैद्यापेक्षा जड जाते, तेव्हा दोन्ही आकडे वेगळे हवेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. बिल, खोक्याचा फोटो आणि अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

यंत्र खोक्यात बांधून ठेवलंय. न्यायला माणूस पाठवाल तर अकरानंतर पाठवा. त्याआधी माझे हात पिठात असतात.

आपली,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर