तेविसावी ओळ

चिनू,

रविवारी फोन कट झाला तो नेटवर्कमुळे नाही, तुझ्या आईने केला. तुला कळलं असणारच, पण सांगून ठेवतो कारण ती स्वतः सांगणार नाही. माळ घालून २२ वर्षं झाली तिला, आणि तू खुशाल म्हणतोस आई, या सीझनला एल्क, म्हणजे ते तिकडचं मोठं हरण, मारणार, मोठा फ्रीझर घेतलाय. अरे निदान फ्रीझरचं तरी सांगायचं नाहीस. दोन दिवस माझ्याशी पण बोलली नाही, जसं काही बंदूक मीच घेऊन दिली तुला. काल जेवताना म्हणाली, विचारा त्याला, तेव्हा थंडी किती असते तिकडे. म्हणजे राग उतरतोय, फोन कर.

तर तुझी ती शीट, रायफलच्या पार्टची आणि सामानाची, वजनांसकट. तू लिहिलंस "बाबा, प्रोफेशनल ओपिनियन द्या". वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. ३१ वर्षं खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत काढली, १८६९ सालची ती फॅक्टरी, आणि तू शाळेत मित्रांना सांगायचास बाबा सरकारी नोकरीत आहेत, बास. घरातल्या कुणी काडतुसाबद्दल मला काही विचारायची ही पहिलीच वेळ. तीन रात्री बसलो. औंस बघून डोकं फिरलं म्हणून शेजारी ग्रॅमचा कॉलम टाकलाय, तो उडवू नकोस.

आधी एकच बोलतो आणि मग तो विषय संपला. ओळ नंबर २३. सॅटेलाइट मेसेंजर, फोनला नेटवर्क नसेल तिथून निरोप पाठवणारा, १०० ग्रॅम, त्याच्यावर तू रेघ मारलीस आणि पुढे लिहिलंस "गरज नाही, वजन". बरं. तू मोठा आहेस, मी काही म्हणत नाही.

आता रायफल. टायटॅनियमची ॲक्शन, म्हणजे बोल्ट सरकतो तो मधला भाग, कार्बन गुंडाळलेली बॅरल, कार्बन फायबरचा स्टॉक, म्हणजे दस्ता, सगळं मिळून स्कोपशिवाय सव्वादोन किलो. बनव, मस्त बनेल. पण त्याच्यात तू थ्री हंड्रेड विन मॅगचं दांडगं काडतूस घालणार म्हणतोस तिथं माझा हात थांबला. साधा हिशोब आहे, काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन निम्मं केलं की खांद्यावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. आणि एकाच वजनाच्या रायफलीत थ्री हंड्रेड विन मॅगचा दणका सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूरच्या दुपटीच्या वर जातो, हे मी वहीत मांडून बघितलं, गोळीचं वजन, दारूचं वजन, वेग, सगळं धरून. एनसीसीच्या कॅम्पला मी थ्री नॉट थ्री चालवली होती, चांगली चार किलोची, तरी पाचव्या गोळीला डोळे आधीच मिटायला लागले. चाप ओढायच्या आधी डोळे मिटणारा माणूस कुठेही मारू शकतो. तू म्हणशील नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावतो. लाव, धक्का कमी होईल, पण आवाज मागे तुझ्याच कानावर येतो, आणि जंगलात ऐनवेळी कानाला प्लग कोण लावत बसतं? नानांचा उजवा कान आठव. ठासणीच्या बंदुकीने गेला तो, आणि आपण लहानपणी त्यांना हसायचो, म्हणजे मी हसायचो, तू नव्हतासच तेव्हा.

माझं मत, क्रीडमूर नाहीतर सेव्हन एमएम झीरो एट, फार तर .३०८. .३०८ हे १९५२ चं काडतूस, आपल्या फौजेच्या एसएलआर रायफलची ७.६२ त्याचीच बहीण. आता तू तीनशे यार्डाच्या आत मारणार असशील तर पुरे आहे, आणि त्याच्या पुढे मारू नकोस. हे मी शिकार न केलेला माणूस सांगतोय, मला मान्य आहे. मी आयुष्यभर गेज घातलेत, जनावर मारलं नाही. तरी सांगतो.

गेजवरून आठवलं. प्रीफिट, म्हणजे आधीच मापात कापलेली, बॅरल घेऊन घरी बसवणार असं लिहिलंयस. गनस्मिथकडे जा. नसेल जायचं तर निदान काडतुसाच्या जागेचं माप तपासणारे गो आणि नो-गो दोन्ही गेज घे, गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर होता कामा नये, यात "जवळजवळ" नावाचा प्रकार नाही. टायटॅनियम घासलं की चिकटतं, बोल्टच्या लग्जना, त्या अडकणाऱ्या दातांना, ग्रीस ठेव. स्कोपचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नकोस, इंच-पाउंडाचा टॉर्क रेंच येतो. स्कूटरचे नट तू कसे आवळायचास ते मी बघितलंय.

कार्बनच्या बॅरलबद्दल एक. ती जाड बॅरलपेक्षा हलकी असते हे खरं, पण बारीक पेन्सिलीसारख्या स्टीलच्या बॅरलपेक्षा हलकी असतेच असं नाही, वजनाचा आकडा बघून घे, नावावर जाऊ नकोस. रात्री वाचताना मला मेल्विन फोर्ब्स नावाचा वेस्ट व्हर्जिनियाचा गडी सापडला, त्याने १९८० च्या दशकातच हे सगळं करून ठेवलंय. त्याच्या ॲक्शनचं नाव मॉडेल २० कारण वजन २० औंस, म्हणजे ५६७ ग्रॅम, आणि ती स्टीलची बरं का. स्टॉक केव्हलारचा, आणि बॅरल स्टॉकला पार टोकापर्यंत टेकवून बसवलेली. आजकाल सगळे बॅरल मोकळी सोडतात, हा उलटा. मला तो माणूस लगेच आवडला. कमी धातूत काम भागवायचं तर उरलेला धातू जागेवर बसला पाहिजे, आमचे फोरमन हेच सांगायचे, वेगळ्या शब्दांत, ते शब्द इथे लिहीत नाही.

आणि हलकी बॅरल लवकर तापते. तीन गोळ्या झाल्या की थांब, गार होऊ दे, नाहीतर कागदावर भोकं पसरत जातील आणि तू स्कोपला शिव्या देशील. खरं तर तुला बघायची आहे ती थंड बॅरलमधून जाणारी पहिली गोळी. रोज एक मार, पंधरा दिवस, त्याच कागदावर. ती पंधरा भोकं मला पाठव, बाकीचे भोकांच्या ग्रुपचे फोटो नकोत.

काडतुसं एकाच लॉटची घे. बॉक्सवर लॉट नंबर असतो. तीन-चार बॉक्स एकदम घे, त्यातलेच सरावाला आणि त्यातलेच डोंगरावर. लॉट बदलला की गोळी कुठे पडते ते परत बघायचं. रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या केस घरी परत भरणं, यावर्षी नको. केसचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, त्याच्या मानेला उष्णता देऊन मऊ करतात म्हणून ती फाटत नाही, मानेवरचा तो निळसर-तपकिरी डाग बघितलायस का तू, मी हजारो बघितले, सुंदर असतो. पण ते सगळं पुढच्या वर्षी, मी तिकडे आलो की दोघं मिळून करू. येणार आहे मी, व्हिसाची फी भरून झाली.

गोळी मात्र तांब्याची घे, शिशाची नको. शिसं मांसात बारीक कण सोडतं, डोळ्याला दिसत पण नाहीत, आणि ते मांस आपली ईरा खाणार. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच केली, मुळात गिधाडांसाठी, त्यांची ती काँडोर. तुमच्या माँटानात सक्ती नाही म्हणून काय झालं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला फिरकी जास्त लागते. क्रीडमूरच्या बॅरलला एकास आठचा ट्विस्ट असतो, म्हणजे आठ इंचांत गोळीचा एक फेरा, त्यात अडचण नाही. फक्त लांबवर वेग उतरला की तांब्याची गोळी नीट फुलत नाही. म्हणून परत तेच, तीनशे यार्ड.

लेक्चर झालं ना. सॉरी. तू विचारलंस पार्टबद्दल आणि मी तुझ्या नळीतून थेट ईराच्या ताटापर्यंत गेलो.

पण मला एक कळत नाही चिनू. तू ट्रिगरच्या पिनपर्यंत वजन लिहिलंस. स्लिंगचं बक्कल लिहिलंस. एल्क नर असला तर तीनशे किलोचा, पडला की हाडं काढून सुद्धा शंभरेक किलो मांस पाठीवरून आणायचं, चार-पाच फेऱ्या, तासन्‌तास रक्ताच्या वासात, आणि तुझ्याकडे ग्रिझली अस्वलं आहेत. हे तूच मला सांगितलंस, हसत हसत. शंभर किलो न्यायला तयार आहेस आणि शंभर ग्रॅम नको. मी म्हणालो होतो या विषयावर परत येणार नाही. आलो.

आणि शीटमध्ये जोडीदाराची ओळच नाही. कोण येणार आहे बरोबर? रविवारी मी विचारलं तेव्हा "बघू" म्हणालास. आपल्या घरात बघू म्हणजे नाही.

नाना पण एकटे जायचे. वेल्ह्याच्या बाजूला भातात रानडुकरं शिरायची, रात्री ठासणीची घेऊन बांधावर बसायचे. १९७२ चा कायदा आला तसं ते पण बंद झालं, पुढे बंदूक फक्त निवडणुकीला चौकीत जमा करायची आणि परत आणायची. पण नाना एकटे म्हणजे गावापासून हाकेवर, हे लक्षात घे. आजी कंदील घेऊन ओट्यावर. त्यांनी खोकलं तरी तिला ऐकू यायचं.

तुला राजगड-तोरणा आठवतो का. तू अकरा वर्षांचा. संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरलो, पुढे धारेवर धुकं आलं आणि तू पुढे पळालास. मी पप्पूकाकाच्या बुटाची लेस बांधायला थांबलो होतो, अर्धा मिनिट, आणि मग तू नव्हतास. चाळीस मिनिटं. मी किती ओरडलो ते पप्पूला विचार, नंतर आठवडाभर माझा आवाज बसलेला. सापडलास तेव्हा दगडाला टेकून चिक्की खात होतास, आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. आईला अजून सांगितलेलं नाही ते. तू रडला नाहीस, फक्त म्हणालास, बाबा मला तुमचा आवाज येत होता, मी ओ देत होतो, तुम्हाला माझा येत नव्हता का.

नव्हता येत.

त्या थोबाडीतबद्दल सॉरी. एवढ्या वर्षांनी लिहितोय, हसशील तू.

हं, कायद्याचं राहिलं. तू अजून एच-वन वर आहेस. त्या व्हिसावर बंदूक बाळगायची तर हंटिंग लायसन्स चालू असावं लागतं, तुला माहीत आहे, तरी पार्ट ऑर्डर करायच्या आधी त्याची तारीख बघ, आणि एक फोटो मला पाठवून ठेव. ग्रीन कार्डची फाइल अडकेल असं काही करू नकोस. भगव्या रंगाचं जाकीट घाल, तुमच्या माँटानात ४०० चौरस इंच कंबरेच्या वर दिसलं पाहिजे असा नियम आहे ना. आई म्हणाली भगवं असेल तर बरंच आहे, पताकेसारखं. मग स्वतःच हसली. नोव्हेंबरात बोल्टमधलं तेल पुसून टाक, गारठ्यात घट्ट होतं आणि पिन हळू पडते.

इकडे पाऊस थांबत नाही, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल दोन दिवस बंद. सिंहगड या रविवारी चुकला. गुडघा बरा आहे. मंगलमावशीचं ऑपरेशन झालं, बाकी फोनवर.

आता शेवटचं आणि हे खरंच प्रोफेशनल ओपिनियन आहे. तुझ्या शीटमध्ये १९ नंबरला जो मोठा स्कोप आहे, ५० एमएमच्या भिंगाचा, त्याचं वजन तूच ६१० ग्रॅम लिहिलंयस. तीनशे यार्डाला एवढं भिंग कशाला? ३६ एमएमचा, अडीच ते आठ पटीचा घे, ३५० च्या आत येतो, आणि वरचं वजन कमी झाल्याने रायफल हातात डुलणार नाही ते वेगळंच. वाचले २६० ग्रॅम. शीट तू मला एडिट करता येईल अशी शेअर केली होतीस, चुकून केलीस का मुद्दाम ते माहीत नाही. १९ मध्ये मी नवा स्कोप टाकलाय. २३ वरची रेघ काढलीय. एकूण वजन तरीही १६० ग्रॅमने कमीच येतंय, खाली बेरीज बघ. रेघ परत मारायची असेल तर मला फोन करून मार.

बाबा

ता.क. आईने मेतकूट आणि लोकरीची कानटोपी पार्सल केलीय. कानटोपीचं वजन मी किचनच्या काट्यावर केलं, ८५ ग्रॅम. शीटमध्ये लिहायचं असेल तर लिही.