विकास आराखडा शाळेच्या भिंतीवरही लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपरिषदेच्या विकास आराखड्याच्या, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाच्या, सुधारणेचं काम सुरू झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मी 29 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. प्रारूप (कच्चा) आराखडा जाहीर झाला की त्याची एक प्रत गावातल्या प्रत्येक शाळेत लावावी आणि आठवी-नववीच्या मुलामुलींकडून लेखी सूचना घ्याव्यात, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे.

मुलांना यातलं काय कळतं, असं लगेच म्हटलं जाईल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. एका वर्षी एसटी मिळाली नाही म्हणून आठवीची क्षेत्रभेट रद्द करायची वेळ आली. मुलं इतकी हिरमुसली, की शेवटी वर्ग घेऊन शाळेच्या आसपासच फिरायला निघाले. सोबत क्रीडा शिक्षकांकडचा मीटर टेप आणि आमच्या भागाच्या जुन्या आराखड्याची झेरॉक्स. शाळेसमोरचा पदपथ मुलांनी मोजला: रुंदी 70 सेंटिमीटर, रस्त्यापासून उंची 34 सेंटिमीटर, आणि मध्येच विजेची पेटी. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको. पहिली-दुसरीची पोरं त्या पदपथावर चढतच नाहीत, गाड्यांच्या कडेनं रस्त्यावरून चालतात. हे आम्हा शिक्षकांना रोज दिसत होतं, पण टेप लावून मोजावंसं कोणाला वाटलं नव्हतं.

पुढे नकाशात एक हिरवा तुकडा होता, क्रीडांगणासाठी आरक्षित. मुलांनी मला तिथं नेलं. पत्र्याचं कुंपण, आत भंगाराचा ढीग. एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, नकाशा चुकलाय.’’ त्याला काय सांगावं, मला सुचेना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झालं नाही तर आरक्षण संपतं. म्हणजे पहिलीत आलेलं मूल दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत त्याचं मैदान कागदावरच राहतं, आणि मग कागदावरूनही जातं. त्या मुलाला हे कळायला नको होतं का?

वर्गात परत आल्यावर प्रत्येकाला घर ते शाळा हा रस्ता काढायला सांगितला आणि भीती वाटते तिथं लाल पेन्सिल फिरवायला सांगितली. वेगवेगळ्या बाकांवर बसलेल्या तीन मुलींनी एकच बोळ लाल केला, मंडईच्या मागचा. चौथ्या एका मुलीच्या नकाशात तो बोळ नव्हताच. तिचा रस्ता मंडईला लांबलचक वळसा घालून शाळेत येत होता. रोज असं का येतेस, हे तिला घरीही कोणी विचारलेलं नव्हतं. त्या बोळातून मी वर्षानुवर्षं भाजी घेऊन आले आहे. आराखड्यासाठी जमीन वापराचं सर्वेक्षण करणाऱ्यांच्या वहीत दुकानं, घरं, मोकळ्या जागा उतरतील, पण त्या मुलीचा वळसा कसा उतरणार?

मुलांनी सगळं लिहून नगरपरिषदेच्या कार्यालयात दिलं, पोच घेतली. एक कनिष्ठ अभियंता खरंच शाळेत आले, बाकावर बसून त्यांनी नकाशे पाहिले आणि पुढच्या महिन्यात फाटकासमोर गतिरोधक झाला. त्यांचे आभार मी आजही मानते. बाकी मुद्द्यांना उत्तर आलं नाही. ही मुलं दहावी होईपर्यंत भेटली की विचारायची, ‘‘बाई, पत्र आलं का?’’ काम होणार नसेल तर का होणार नाही, हे दोन ओळींत कळवलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

कायद्याची यात आडकाठी नाही. प्रारूप जाहीर झाल्यावर सूचना-हरकतींना मिळतात जेमतेम 30 दिवस, पण त्या देण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम 28 ने ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिला आहे. मतदार असण्याची अट तिथं नाही. शिवाय आराखडा साधारण 20 वर्षांसाठी असतो. आज तेरा वर्षांची मुलगी तो संपेपर्यंत तेहतीस वर्षांची होईल, तिचं लेकरू त्याच पदपथावरून शाळेत जाईल.

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि पुढे पुस्तकभर भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. त्याच ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून नागरिक बसून ठरवू लागले, की पालिकेचा पैसा कुठं खर्च व्हावा. आपल्या पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली जातात. मोठ्यांसाठी अर्ज असतात, तसा एक अर्ज शाळांसाठी असायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मुलांचा सहभाग म्हणजे उन्हात काढलेली घोषणांची फेरी नव्हे. ‘माझ्या स्वप्नातील शहर’ या विषयावर चित्रं काढून घ्यायची, बक्षीस वाटायचं आणि चित्रं कपाटात ठेवायची, हे आम्ही शिक्षकांनीही फार वर्षं केलं. मुलांपुढे खरा नकाशा ठेवा. त्यावर नुसते सर्वे नंबर नकोत, एसटी स्टँड, पाण्याची टाकी, वेस, मंडई अशा ओळखीच्या खुणा मराठीत लिहा. नगररचना विभागातलं कोणी तासभर येऊन रंगांचे अर्थ समजावून सांगू दे. सुनावणीच्या वेळी नियोजन समितीपुढे दोन मुलांना त्यांच्या सूचना स्वतः वाचू द्या, आणि प्रत्येक शाळेला लेखी उत्तर द्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही. 30 दिवसांतला एक तास लागतो.

तो लाल पेन्सिलीचा बोळ आजही तसाच आहे, दिव्याचा खांब सुद्धा नाही. मुलांचे ते नकाशे मी नावं झाकून जपून ठेवले आहेत. मुख्याधिकाऱ्यांना पाहायचे असतील तर मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
जि. सोलापूर