नव्या कालनिर्णयातली चौकट

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वाढदिवसाला आठवडा झाला. मला फोनवर ‘छान झाला’ एवढंच म्हणालीस, खरं काय ते आईकडून कळलं. कुणाच्या आपण खरंच लक्षात आहोत ते बघायला तू फेसबुकवरची जन्मतारीख लपवलीस. एरवी दोनशेच्या वर शुभेच्छा येतात, यंदा सहा आल्या आणि त्यातले चौघं आपण घरचेच. रात्री आईशी बोलताना रडलीस म्हणे. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

माझा वाढदिवस तुला ठाऊकच आहे, १ जून. ती तारीख मला गुरुजींनी दिली. आजी सांगायची, ‘बेंदराच्या आदल्या दिवशी झालास, पाऊस कोसळत होता.’ पण शाळेच्या रजिस्टरात बेंदूर कसा लिहायचा? शाळा जूनमध्ये भरायची. वयाचा हिशेब जुळावा म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलं आणि साल अंदाजाने धरलं. जन्मनोंदणीचा देशभराचा कायदा आला १९६९ साली, आम्ही त्याच्या आधीचे. आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ४७ जण आहेत, त्यांतल्या १९ जणांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. सकाळी सहापासून केक आणि फुलांचे फोटो येऊ लागतात. तारीख खोटी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मला त्या दिवशी मनापासून आनंद होतो.

लोकांना आपणहून आठवायला हवं, असं तुला वाटतं. पण तुझ्या आजीलाही आपणहून आठवत नव्हतं गं. १९७३ साली कालनिर्णय निघालं, आणि आपल्या घरी ते आल्यापासून तिने त्याच्या चौकटींत पेन्सिलीने सगळं लिहिलं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि घरातल्या, भावकीतल्या, शेजारच्या पोरांचे वाढदिवस. नवं कॅलेंडर आणलं की जुनं मांडीवर घेऊन एकेक नाव नव्यात उतरवायची. कुणाच्या नावाशी थांबायची, ‘हिचं यंदा बारावीचं वर्ष ना?’ असं विचारायची. आमची आठवणही भिंतीवरच टांगलेली होती. फक्त ती वर्षातून एकदा हाताने उतरवावी लागायची.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बाकावरचा मित्र तुला आठवत असेल, तुला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणारा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मागच्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला फेसबुकने नेहमीसारखी आठवण केली, आणि त्याच्या भिंतीवर सात-आठ जणांनी लिहिलं, ‘उदंड आयुष्याच्या अनंत शुभेच्छा.’ त्याच्या मुलाने ते आईला दिसू नये म्हणून एकेक पुसलं. वाईट कुणीच नव्हतं त्यात. नाव दिसलं, बोट टेकवलं, पुढे गेले. मीही कितीकांना असंच बोट टेकवून मोकळा झालो असेन, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून आठवण फोनने करून दिली तरी मी नाव बघून थांबतो. हा कुठे असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, मुलीचं लग्न ठरलं का, हे आठवतो आणि मग फोन लावतो. यंदा १ जूनला त्या अठराही जणांशी बोललो. रात्रीचे साडेनऊ वाजले. एक जण तर नुसता ऐकत राहिला. त्याची बायको अंथरुणाला खिळली आहे, हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा तारीख लपवून मैत्रिणींची परीक्षा घेऊ नकोस. त्यांच्या हाती लहानपणापासून मोबाइल आला, जपून उतरवायचं कॅलेंडर त्यांना कुणी दिलंच नाही. आणि खरं सांग, तुला तरी त्यांतल्या कितीजणींच्या तारखा पाठ आहेत?

दोन दिवसांनी ‘अगं, विसरलेच मी’ म्हणत जिने फोन केला, तिचा फोन तू उचलला नाहीस, असंही आई म्हणाली. तिला उद्या फोन कर. तुमच्या हॉस्टेलवर तू तापाने फणफणली होतीस तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली हीच ना? तिची तारीख विचारून मला कळव. डिसेंबरात कालनिर्णय आणलं की तुझ्यासोबत तिचंही नाव उतरवून ठेवतो.

तुझा,
बाबा