बाई, ती पुस्तकं मी कपाटावर ठेवली आहेत

आदरणीय बाई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'बाई'. तुमच्या हाताखालून गेलेले नाशिककर ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या जूनमध्ये लेकीला घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा पिशवीत नववी-दहावीची गणिताची पुस्तकं होती आणि खिशात एका क्लासच्या फाउंडेशन कोर्सची पावती. पोरगी सहावीत. 'दोन वर्षांत कॅल्क्युलसपर्यंत नेतो' असं क्लासवाले म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. अंबडला कंपनीत डबा खाताना चौघांना सांगूनही झालं होतं.

तुम्ही पुस्तकांकडे पाहिलं नाही, मार्क विचारले नाहीत. लेकीला म्हणालात, "गणितज्ञ कापरेकर सर 1930 ते 1962 आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवायचे. त्यांचा एक खेळ खेळू." 3524 घेतला. अंक उतरते मांडायचे, त्यातून चढते वजा करायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 3087, मग 8352, मग 6174, आणि गाडी तिथेच थांबली. "आता दोन अंकी घेऊन बघ," म्हणालात आणि चहा टाकायला आत गेलात.

90 वरून 81, मग 63, 27, 45, 9 (म्हणजे 09) आणि परत 81. "बाबा, ही थांबतच नाही, गोल फिरते!" मी सवयीने समजवायला तोंड उघडलं, तर आतून आवाज आला, "तुम्ही गप्प बसा." मग तिच्याच लक्षात आलं की 11, 22 सारख्या जुळ्या सोडल्या तर प्रत्येक वजाबाकी 9 च्या पाढ्यातली येते. का, ते मात्र सुचेना. दोन दिवस जेवताना, रिक्षात, दात घासताना तेच. तिसऱ्या दिवशी कागद नाचवत आली: दशकाला अ, एककाला ब, 10अ + ब मधून 10ब + अ गेले की उरतो 9 गुणिले अ आणि ब मधला फरक. अक्षरं वापरायची हे तिला तुम्हीही सांगितलं नव्हतंत.

मला त्या दिवशी कळलं की मी तिला पुढच्या इयत्तेत ढकलत होतो आणि तिला खोल उतरायचं होतं.

पुढचं तुम्ही फार साधेपणाने ठरवलंत. कॅल्क्युलस थांबेल, आधी मोजणी (एखादी गोष्ट किती प्रकारे होते ते मोजायचं गणित), संख्यांचे गुणधर्म, भूमिती. 'आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या गणिताची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं पुस्तक घेण्याआधी त्यांच्या साइटवरची मोफत पूर्वचाचणी सोडवून घेतलीत, आणि मोजणीच्या पुस्तकाआधी तिला बीजगणिताचं लागेल हे त्यातूनच ठरलं. त्या पुस्तकात आधी प्रश्न येतो आणि मग स्पष्टीकरण; ते स्पष्टीकरण झाकायला तुम्ही दिलेला पोस्टकार्डाचा तुकडा अजून आत आहे. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची पाचवी-सहावीसाठीची परीक्षा तुम्हीच सुचवलीत, वर "निकाल मला सांगू नका" हेही.

सगळ्यात कटकटीची वाटली ती दोनशे पानी वही. प्रत्येक उत्तरामागचं कारण पूर्ण मराठी वाक्यात लिहायचं! लेक चिडायची, मीही मनात चिडायचो. मग तुम्ही सांगितलंत, गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीला, आयओक्यूएम परीक्षेला, नुसता पूर्णांक भरला की भागतं. पुढच्या प्रादेशिक पायरीला, आरएमओला, सिद्धता लिहावी लागते, आणि तिथे हुशार मुलं अडखळतात. ती परीक्षा ती देईल न देईल. वही मात्र भरत आली आहे.

क्लासचे पैसे परत मिळाले नाहीत. ते जाऊ दे.

तुमचं भूमितीचं जुनं पुस्तक आमच्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. तीन अंकी संख्या 495 वर का थांबतात हे तिला सापडलंय म्हणे. मला सांगत नाही, आधी तुम्हाला दाखवायचं आहे. मी गप्प बसेन.

आपला,
एक बाबा, इंदिरानगर, नाशिक