तुझ्या कढीचीच रीत

आइंडहोवन, नेदरलँड्स
१६ नोव्हेंबर

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. परवा फोनवर तू "काय जेवलीस?" विचारलंस आणि मी "जेवले गं" म्हणून विषय बदलला, तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, असं दादा म्हणाला. फोनवर सांगायला गेले की तुझा गळा भरून येतो, मग माझाही येतो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र.

खोकला गेला. स्वेटर दोन आहेत, घर गरम असतं. पावणेपाचला अंधार पडतो, तेवढं एक अंगवळणी पडत नाही.

आता जेवणाचं. दुपारी मी पाव आणि चीज खाते हे खरं आहे, पण इथे सगळेच तेच खातात. आमचे मोठे साहेबसुद्धा घरून डब्यात पावाच्या चार चकत्या आणतात. ते हाल नव्हेत, इथली पद्धतच आहे. गरम जेवण दिवसातून एकदा, आणि तेही संध्याकाळी सहाला. सहा म्हणजे सहा. हे तुला नीट समजावून सांगायला हवं, कारण मला समजायलाच वर्ष गेलं.

पहिल्या वर्षी मी शिरा केला होता. वाटीभर घेऊन पावणेसहाला वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे गेले. आजींनी वाटी घेतली, गोड हसल्या, "आम्ही आता जेवायला बसतोय" म्हणाल्या आणि दार लावलं. मी बंद दारासमोर उभी. आपल्याकडे पानं वाढलेली असताना कुणी आलं तर आणखी एक पान मांडतात, भातात पाणी वाढवतात, पण माणूस उपाशी परत जात नाही. त्या रात्री मी खूप रडले. तुम्हाला कळवलं नव्हतं.

नंतर उलगडलं. इथे स्वयंपाक मोजून होतो. माणशी तीन बटाटे, चिकनचा एक तुकडा. आयत्या वेळी आलेल्याला बसवलं तर कुणाच्या तरी ताटातलं काढून द्यावं लागेल, आणि अर्धंमुर्धं वाढणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून बोलावतात ते आठ-दहा दिवस आधी, तारीख सांगून. शेजारची मुलं अंगणात खेळत असतात, सहा वाजले की आपापल्या घरी जातात. कुणी कुणाला हाकलत नाही. त्याच आजींनी मला पुढच्या मंगळवारचं बोलावणं दिलं. ताटात बघते तर एक तुकडा माझ्या नावाचा मोजून घेतलेला. तोच पदार्थ मी त्यांच्याकडून शिकले आणि या बुधवारी केला.

चिकन बिनहाडाचं, छातीचं. दोघांना ३०० ग्रॅम पुरतं. जाड तुकडा आडवा चिरून पातळ करायचा, मीठ-मिरपूड लावायची आणि लोण्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस करून काढून ठेवायचा. त्याच तव्यात कांदा, लसूण. मग चमचाभर लोणी, चमचाभर मैदा, कच्चा वास जाईपर्यंत परतायचं. त्यात पेलाभर दूध थोडं थोडं घालून ढवळत राहायचं. दाट झालं की चिकन परत आत, शिजेपर्यंत मंद आचेवर. शेवटी किसलेलं चीज. बाजूला उकडलेले बटाटे आणि फरसबी. ऑफिसातून येऊन पाऊण तासात पान वाढलेलं असतं.

पहिल्यांदा माझं पार बिघडलं होतं. आपण ज्याला गौडा चीज म्हणतो त्याला हे लोक घसा खरवडून 'खाउडा' म्हणतात. कोवळं असतं चार आठवड्यांचं आणि जुनं दहा-बारा महिन्यांचं. मी जास्त चांगलं म्हणून जुनं आणलं आणि उकळत्या दुधात घातलं. त्याचा रबरासारखा गोळा झाला आणि वर तेल तरंगायला लागलं. आजींनी पाहिलं आणि सांगितलं, कोवळं घे आणि शेगडी बंद करून मगच घाल. मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. कढीला बेसन लावल्याशिवाय तू ती चुलीवर चढवत नाहीस, आणि "उकळू देऊ नको गो, फुटतली" म्हणून पाच वेळा ओरडतेस. तीच रीत, आई. बेसनाच्या जागी मैदा, ताकाच्या जागी चीज. पीठ धरून ठेवतं आणि फार आच लागली की फुटतं. एवढ्या लांब येऊन मी तुझीच कढी करतेय.

आणि वरून काय किसतात, तर जायफळ! आपण श्रीखंडात, पुरणात घालतो. हे लोक फुलकोबीवर, फरसबीवर, पांढऱ्या रश्शात घालतात. हे जायफळ त्यांनी बांदा बेटांवरून आणलं. आपलं बांदा नव्हे, इंडोनेशियातली बेटं. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथल्या माणसांची कत्तल करून ती बेटं घेतली, फक्त जायफळासाठी. आपल्या वेंगुर्ल्याची पडकी डच वखार त्याच कंपनीची. लहानपणी बाबा मला तिथे न्यायचे. तेव्हा कुठे वाटलं होतं की त्यांच्या गावात भाड्याने राहीन! बुधवारी जायफळ किसताना बोटांना तुझ्या पुरणाचा वास लागला, आणि आम्ही जेवेपर्यंत मी हात धुतले नाहीत.

चीज रोज खात नाही. वजन वाढलेलं नाही, फोटोत दिसतं ते जाकिटामुळे. आणि हो, सहाला जेवायची मी हल्ली स्वतःहून सवय लावून घेतली आहे. इथे सहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेदहा होतात. मी नऊला जेवले तर तू माझ्या फोनसाठी दीड वाजेपर्यंत जागी राहतेस. गेल्या महिन्यात तू तशी जागी होतीस आणि मी नुसता पाव खाऊन "भात-आमटी जेवले" म्हणाले. ते खोटं होतं. पुन्हा नाही बोलणार.

बाबा, पगार झाला की कौलांसाठी ४०,००० पाठवते. स्वयंपाकघराकडची बाजू आधी करून घ्या. कर्जाचे ११ हप्ते राहिलेत, ते मी फेडते, तुम्ही तुमची ठेव मोडू नका. मोतीबिंदूचं पुढे ढकलू नका, त्याचे वेगळे पाठवीन. चतुर्थीला मी आले नाही याबद्दल तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत, तेच जास्त लागलं. मे महिन्यासाठी रजा टाकली आहे.

आई, कुडाळच्या स्थळाला नाही म्हणून कळव. वर मी 'दोघांना' आणि 'आम्ही' लिहिलंय ते तुझ्या नजरेतून सुटलं नसेलच. तो जळगावचा आहे, माझ्याच ऑफिसातला. गुरुवार पाळतो म्हणून चिकन बुधवारी. माशाचे काटे काढता येत नाहीत, पण शिकेल. जेवण झालं की न सांगता भांडी घासतो. तुम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. पण विचारायचं मात्र आहे. मे महिन्यात, समोर बसून. तोवर आजीला सांगू नकोस.

तुमची,
बाय

ता. क. मालवणी मसाला संपत आला. दादाचा मित्र जानेवारीत येतोय, त्याच्याकडे अर्धा किलो दे, आणि परसातली चार जायफळं.