सात दिवसांनंतर डोक्याच्या पेशंटनं जायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्ते अपघातातल्या जखमींना कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू झाली, माणशी दीड लाखापर्यंत खर्च आणि अपघातापासून सात दिवस. योजना चांगलीच आहे, आधी पैसे भरा मग बघू म्हणणाऱ्यांना चाप बसला तर बरंच होईल. पण डोक्याला मार लागलेल्याचे सात दिवस कधीकधी आयसीयूत बेशुद्धीतच जातात, आणि घरच्यांचे खरे हाल सुरू होतात ते डिस्चार्ज मिळाल्यावर.

माझा भाचा बाईकवरून पडला, हेल्मेट होतं पण आरशाला अडकवलेलं (आपल्याकडे आरशाचीच काळजी जास्त). ऑपरेशन झालं, वाचला, चालतो फिरतो, लोक म्हणतात झाला की बरा! पण गॅसवर दूध ठेवतो आणि अंगणात जाऊन बसतो, बहिणीनं विचारलं की मी ठेवलंच नव्हतं म्हणून तिच्यावरच खेकसतो, आधी मोबाईल रिपेअरिंग करायचा आता काढलेला स्क्रू कुठला तेच आठवत नाही. दिव्यांग दाखल्यासाठी नेलं तर टेबलापलीकडून प्रश्न आला, हातपाय चालतात ना, मग? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण मेंदूला मार लागून आलेलं अपंगत्व असा वेगळा प्रकारच नाही, मग बसवा कुठल्यातरी दुसऱ्या खान्यात आणि मारा चकरा.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, बंगळुरूला मेंदू आणि मनाच्या आजारांची निम्हान्स ही संस्था आहे, मान्य. पण कराडहून कामधंदा सोडून तिथं महिनोन्महिने कोण राहणार? स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं), चिडचिड कशी हाताळायची हे घरच्यांना शिकवणारं कुणीतरी, एवढं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कायम मिळायला हवं आणि त्याचा खर्च त्याच कॅशलेस योजनेत पुढचे काही महिने धरला पाहिजे. सातवा दिवस कुठून काढला देव जाणे.

हेल्मेटचं तर बोलायलाच नको. केंद्राच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून जास्त लोक गेले, तरी पुण्यात सक्ती आली की लगेच विरोधात कृती समिती उभी राहते. १००० रुपये दंड कायद्यात आहे, पण नुसती चौकात पावती फाडून काय होणार, पावती टाळायला लोक रस्त्याकडेची टोपीसारखी हलकी हेल्मेटं घेतात, आयएसआयचा बनावट शिक्का मारून ती विकणाऱ्यांवर धाडी घाला की आधी.

आणि जे वाचतात त्यांची मोजणी? अपघाताच्या सरकारी अहवालात 'गंभीर जखमी' असा एकच कॉलम, मोडलेला पाय आणि फुटलेलं डोकं एकाच बेरजेत. वर्षभरानं त्यातला कोण कामावर परत गेला, कोण घरी बसून आहे हे त्या अहवालातून कळत नाही. संशोधनाला पैसे द्यायचे तर आधी डिस्चार्ज झालेल्यांना सहा महिन्यांनी फोन करून विचारा, आशाताईंवर आणखी एक काम न टाकता, त्यासाठी वेगळा माणूस नेमून.

आपला,
एक वाचक, कराड