चाक बसलं, पण ब्रेकची प्लेट कशाशी बांधली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करणाऱ्यांवर आलेला लेख वाचला. एका गाडीचे मागचे शॉकअप, स्विंग आर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारा भाग) आणि ब्रेक दुसरीला बसवणं हा विषय वर्तमानपत्रात इतक्या आपुलकीने मांडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. लेखकाचे मनापासून आभार. मी पेशाने टर्नर आहे. गाडी उघडणं-जोडणं मेकॅनिकचं काम; माझ्याकडे येतात ते त्यातले अडलेले तुकडे. बारीक पडणारा एक्सल (चाकाचा आस), सैल झालेला बुश (भोकातली नळी), मध्ये भरायला हवा असलेला स्पेसर. या कामात रोज नजरेला पडणारी एक गोष्ट लेखात कुठेच आली नाही, म्हणून हे पत्र.

मी अदलाबदलीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. कारखान्यातून निघाली तशीच गाडी ठेवा, नाहीतर तिला हात लावू नका, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. मागच्या सस्पेन्शनचा इतिहासच मुळी अशा उचापतींचा आहे. १९४० च्या दशकात बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला सस्पेन्शनच नसायचं. एक्सल थेट फ्रेममध्ये. बेलफास्टच्या मॅकॅन्डलेस बंधूंनी त्या ताठ फ्रेमला मागून स्विंग आर्म जोडण्याचे संच तयार करून विकले. त्यांच्यातल्या रेक्स मॅकॅन्डलेसने पुढे नॉर्टन कंपनीसाठी जी फ्रेम आखली ती 'फेदरबेड' नावाने गाजली, आणि १९५० साली जेफ ड्यूकने त्याच फ्रेमच्या गाडीवर आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. त्याच फ्रेममध्ये लोकांनी ट्रायम्फचं इंजिन बसवलं आणि ट्रायटन जन्माला आली. बुलेटने १९४९ मध्येच स्विंग आर्म घेतला होता, तेव्हा बाकी बरेच जण प्लंजरवर (एक्सल स्प्रिंगवर सरळ वरखाली सरकवणाऱ्या जुन्या पद्धतीवर) अडलेले होते. म्हणजे जुन्या गाडीला दुसरीचा मागचा भाग लावणारा माणूस काही पाप करत नाही. चांगल्या परंपरेतलंच काम करतो. फक्त ते काम पुरतं करायला हवं.

लेखाचा एकंदर सूर असा आहे की शॉकअपची भोकं जुळली, चाक मध्यावर आलं, चेन सरळ धावली की काम फत्ते. माझ्याकडे येणारी मंडळीही हेच धरून चालतात. 'काका, एवढा स्पेसर काढून द्या, बाकी सगळं बसलंय.' स्पेसर काढायला मला फार वेळ लागत नाही. पण स्पेसर फक्त चाक मध्यावर आणतो. ब्रेक दाबल्यावर ब्रेकची प्लेट कोण धरणार, हे त्याला विचारून उपयोग नाही.

ज्यांनी ड्रम ब्रेक कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ड्रम चाकाबरोबर फिरतो. ब्रेक शू, ते फाकवणारा कॅम हे सगळं ज्या प्लेटवर बसलेलं असतं ती प्लेट फिरत नाही. पायडल दाबलं की शू ड्रमला घासतात आणि ड्रम त्या प्लेटला आपल्याबरोबर फिरवायला बघतो. एक्सलचा नट तिला थांबवू शकत नाही, ते त्याचं कामही नाही. तिला थांबवते एक पट्टी किंवा रॉड. एक टोक प्लेटला, दुसरं स्विंग आर्मला. काही गाड्यांत पट्टीऐवजी प्लेटला खाच असते आणि ती आर्मवरच्या दांड्यात अडकते. कोणी याला टॉर्क रॉड म्हणतं, कोणी अँकर पट्टी. अदलाबदलीत नेमका हाच तुकडा मागे राहतो, कारण तो ज्या गाडीवर होता तिच्या आर्मवर त्याची जागा होती आणि नव्या गाडीवर ती नाही.

त्या पट्टीवर किती जोर येतो याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो. १९ इंची रिम आणि ३.२५ चा टायर म्हणजे जमिनीपासून एक्सलपर्यंत साधारण ३२ सेंटिमीटर. ब्रेक लावल्यावर टायर रस्त्याला ६० किलोच्या जोराने धरतो असं समजा. प्लेटवरचा बोल्ट एक्सलपासून ८ सेंटिमीटरवर असेल, तर ६० गुणिले ३२ भागिले ८. पट्टीवर २४० किलो. हा जोर प्रत्येक वेळी येतो, सिग्नलला थांबतानासुद्धा.

आणि पट्टी नसेल तर? प्लेट चाकाबरोबर फिरू लागते. ब्रेकचा आर्म (कॅम फिरवणारी छोटी दांडी) एक्सलच्या खाली लोंबत असेल तर तो मागे जातो, पुढून पायडलकडून आलेला ब्रेक रॉड आणखी ताणला जातो, ब्रेक स्वतःच स्वतःला दाबत सुटतो आणि चाक जाम होतं. आर्म वरच्या बाजूला असेल तर तो पुढे येतो, रॉड सैल पडतो आणि पायाखालचा ब्रेक नाहीसा होतो. या दोन्हींतली कुठलीही गोष्ट गाडी स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवताना कळत नाही. तिथे ब्रेक छान लागतो, कारण हाताचा जोर तो किती.

लेखासोबतचं मोठं छायाचित्र मी भिंगातून पाहिलं. ब्रेकच्या बाजूने घेतलेलं आहे, रॉड दिसतो, त्याच्या टोकाचा नट दिसतो, शॉकअपचा खालचा बोल्ट दिसतो. प्लेटवरचं अँकरचं भोक मात्र मला रिकामं दिसलं. कदाचित काम चालू असताना काढलेला फोटो असेल, कदाचित छपाईत पट्टी सावलीत गेली असेल. तसं असेल तर फारच उत्तम. पण आपल्याकडे त्या मालकांचा पत्ता असणार. त्यांना आजच फोन करून एवढं बघायला सांगावं, ही कळकळीची विनंती.

पट्टी आहे म्हणजे झालं असंही नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्लेटांत अँकरचं भोक लंबगोल झालेलं असतं. एका बाजूची कड चकचकीत, आणि भोकाच्या आत बोल्टच्या आट्यांचे बारीक वळ उमटलेले. याचा अर्थ कोणीतरी हाताला लागला तो शेवटपर्यंत आटे पाडलेला बोल्ट घातला. भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे बाहेर. आटे असलेला भाग आधीच बारीक, आणि प्रत्येक ब्रेकला तो करवतीसारखा भोक खात जातो. अशी प्लेट मी बुश मारून देतो, पण नवा बोल्ट बरोबर मापाचा आणि शेवटी नट अडवणारी स्प्लिट पिन. जुनी सरळ करून पुन्हा घातलेली पिन नव्हे.

पट्टी कुठल्या बाजूला जाते हेही बघावं लागतं. ती एक्सलच्या खालून पुढे जात असेल तर ब्रेक लावल्यावर ताणली जाते. चपटी पट्टी ताण उत्तम झेलते. पण दुसऱ्या गाडीवर जागा नाही म्हणून तीच पट्टी एक्सलच्या वरून नेली, तर तिच्यावर ताणाऐवजी दाब येतो आणि चपटी पट्टी दाबाखाली वाकते. तिथे जाड रॉड किंवा पाइपच हवा. शिवाय पट्टीचं पुढचं टोक स्विंग आर्मलाच असावं. फ्रेमला जोडायचंच असेल तर ती जवळजवळ आर्मएवढी लांब, आर्मला समांतर आणि दोन्ही टोकांना मोकळी फिरणारी हवी. नाहीतर चाक खड्ड्यात वरखाली होताना प्लेट फिरते आणि ब्रेक आपोआप लागतो-सुटतो. आर्मवर नवा लग (पट्टी बोल्टने अडकवायचा कान) वेल्डिंग करताना आणखी एक सांभाळायचं. जुन्या इंग्लिश गाड्यांचे सांधे पुष्कळदा पितळ वितळवून जोडलेले, म्हणजे ब्रेझ केलेले असतात. पितळ राहिलेल्या जागी आर्क वेल्डिंग मारलं तर ते दिसायला छान दिसतं आणि पुढे तडकतं. ड्रमऐवजी डिस्क लावणाऱ्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे. तिथे प्लेटच्या जागी कॅलिपरचा ब्रॅकेट असतो, एवढाच फरक.

शॉकअपबद्दल लेखात बरंच आलं आहे, त्यात दोन हिशेबांची भर घालतो. पहिला लांबीचा. दोन चाकांतलं अंतर साधारण १३७० मिलिमीटर धरलं, तर मागची बाजू २५ मिलिमीटरने उचलली की सगळी गाडी पुढच्या एक्सलभोवती सुमारे एक अंशाने पुढे झुकते. हँडलचा कोन तेवढाच उभा होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो, आणि वेगात हँडल हलकं लागतं. मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीवरून उचललं जात नाही, हे त्याचं पहिलं लक्षण. दुसरा हिशेब स्प्रिंगचा. शॉकअपचा खालचा बोल्ट एक्सलजवळ असलेल्या गाडीवरून काढलेली जोडी, बोल्ट पुढे असलेल्या आर्मवर बसवली की ती मऊ पडते. किती? पिव्हटपासून (आर्म फ्रेमला जिथे झुलतो तिथपासून) एक्सल ४५ सेंटिमीटरवर आणि शॉकअप ३६ सेंटिमीटरवर असेल, तर ०.८ चा वर्ग, म्हणजे ०.६४. त्याच स्प्रिंगचा चाकाजवळचा ताठरपणा १०० वरून ६४ वर. शॉकअप तिरका असेल तर आणखी कमी. मग माणूस म्हणतो, शॉकअप बसके निघाले. शॉकअप चांगले असतात, जागा बदललेली असते.

लहान शॉकअप लावलेत तर स्प्रिंगा काढून, नुसत्या दांड्यांवर आर्म पूर्ण वरपर्यंत नेऊन बघा, टायर मडगार्डला किंवा त्याच्या बोल्टला लागतो का. चेनचा ढिलेपणा पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आल्यावर मोजा, कारण तिथेच ती सगळ्यात जास्त ताणते. ब्रेक रॉडचा प्लेही कोणीतरी सीटवर बसलेलं असताना ठेवा. पायडल फ्रेमवर आणि ब्रेक आर्म चाकाजवळ असल्याने वजन पडलं की दोघांतलं अंतर बदलतं.

शेवटचा मुद्दा मोठ्या ब्रेकच्या हौसेचा. दोन लीडिंग शू असलेला पुढचा ब्रेक, १९६८ पासूनच्या ट्रायम्फला असतो तसा, ताकदीचा असतो यात वाद नाही. दोन्ही शू ड्रमच्या फिरण्यामुळे ड्रमवर आणखी दाबले जातात, म्हणून ती ताकद. पण अशी प्लेट उजवीकडची डावीकडे घातली की चाक तिच्या दृष्टीने उलटं फिरतं, दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रम त्यांना मागे ढकलतो, आणि ब्रेक नुसता घासत राहतो. सरळ बाजूने लावला तरी मागच्या चाकाला मला तो पसंत नाही. चढावर थांबलेली गाडी मागे सरकायला लागली की तो नेमका तेव्हाच ढेपाळतो. एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग शू असलेला साधा ब्रेक दोन्ही दिशांना सारखा धरतो. मागे तोच असू द्यावा. ड्रम लेथवर साफ केला असेल तर लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) त्याच्या नव्या गोलाईला घासून बसवावेत. आणि जुन्या लायनरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं टाकून द्यावं.

अलीकडे मी नुसत्या स्पेसरचं काम घेत नाही. एक्सल, ब्रेक प्लेट आणि स्विंग आर्म तिन्ही टेबलावर ठेवा, अँकर कुठे जाणार ते दाखवा, मग मशीन चालू. काही जण रागावून निघून जातात. बरेच जण दुसऱ्या दिवशी आर्म घेऊन परत येतात आणि आम्ही दोघं मिळून पट्टीची जागा शोधतो. ते काम मला स्पेसरपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

पुरवणीत ही मालिका चालू राहणार असल्याचं लिहिलं आहे. पुढच्या प्रत्येक गाडीबरोबर रंगाचं आणि क्रोमचं वर्णन थोडं कमी झालं तरी चालेल, पण चार मापं जरूर छापावीत: एक्सलचा व्यास, शॉकअपच्या दोन भोकांमधलं अंतर, पिव्हटपासून शॉकअपच्या खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर आणि पिव्हटपासून एक्सलपर्यंतचं. आणि एक फोटो ब्रेकच्या बाजूने, पट्टीची दोन्ही टोकं दिसतील असा.

आपला,
एक वाचक (टर्नर)